घरून फोन आला तर

फोन वाजला तेव्हा दुपार कलली होती. वरच्या खोलीत सुलभाताई झोपल्या होत्या. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी घरातल्या सगळ्यांना पाऊल न वाजवता चालायला लावलं होतं, पण आमचा तो जुना काळा फोन कुणाचं ऐकणारा नव्हता. हातातलं पातेलं तसंच ओट्यावर ठेवून मी धावले.

"खामगाव का? नांदुरकरांकडे लागलाय ना?"

"हो. मी त्यांची सून, रत्नप्रभा."

"मी इंदूरहून मधुकर बोलतोय, सुलभाचा भाऊ. ती जवळपास नाही ना?"

"वर झोपल्यात. उठवू का?"

"नको, नको. उठवू नका." पलीकडे ते जरा थांबले. मागे कुठेतरी गाडा ढकलल्याचा आवाज आला, म्हणजे दवाखाना असणार. "अण्णा सकाळी न्हाणीघरात पडले. हृदयाचं दुखणं आहे म्हणतात. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत, आजची रात्र जाऊ द्या म्हणतात. हे बघा वहिनी, सकाळी अण्णा शुद्धीवर होते, तेव्हा त्यांनीच सांगितलं, सुलूला कळवू नका, तिचं गाणं होऊ द्या. म्हणून तुमच्या कानावर घालतोय. गाणं झालं, दोन घास पोटात गेले, की मग सांगा तिला. एवढं करा."

त्यांनी दोनदा "हॅलो" म्हटलं आणि मग फोन ठेवला.

सुलभाताई चांदवडकर इंदूरच्या. नाव फार गाजलेलं नव्हतं, पण ज्यांना गाणं कळतं ते त्यांच्या गाण्यासाठी वाट वाकडी करून येत. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, आणि त्यांचे गुरूही तेच. आमच्याकडे त्या येऊ लागल्या माझ्या सासूबाईंमुळे.

आमचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. एकदा हंगाम सुरू झाला की तिथं शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पण दसऱ्याच्या आधी शेड रिकामी असते. त्या रिकाम्या शेडमध्ये सासूबाईंनी दरवर्षी गाण्याची एक बैठक सुरू केली, आणि ती इतकी वर्षं नेमानं चालवली की गवई लोक एकमेकांना सांगू लागले, खामगावला बोलावलं तर जा. कलाकाराचं कसं करायचं हे त्यांचं सगळं ठरलेलं असे. गवयाला जेवताना 'जरा गुणगुणा' म्हणायचं नाही. भेटायला कुणालाही वर सोडायचं नाही, मग तो तहसीलदार का असेना. आंबट-तळकट ताटात नाही, प्यायला कोमट पाणी, आणि साथीदारांना तीच खोली नि तेच ताट. शेडमध्ये कापसाची तूस उडते, ती घशात गेली की गाणं संपलं. म्हणून आठवडाभर आधी भिंती झाडून घ्यायच्या, फरशी धुऊन काढायची आणि कार्यक्रमाच्या दिवशी दारांना ओली गोणपाटं लावायची.

सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात त्यांच्या नावानं ही बैठक ठेवली होती. ती मी एकटीनं सांभाळायची पहिलीच वेळ होती. माझे सासरे बापूसाहेब, ज्यांना मी मामाजी म्हणे, ते सकाळपासून दहा वेळा विचारून गेले होते, "कमी-जास्त काही नाही ना?"

मी शेडवर गेले. मामाजी सतरंज्या अंथरून घेत होते. पुढच्या रांगेत एक सतरंजी तिरकी होती, ती त्यांनी स्वतः वाकून सरळ केली.

"मामाजी, जरा बाजूला या."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत असताना त्यांची नजर मंचावर होती. तिथं सासूबाईंची तसबीर ठेवली होती आणि तिला अजून हार घातला नव्हता.

"घरच्यांनीच सांगितलंय ना नंतर कळवा म्हणून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि म्हातारे स्वतः म्हणाले?"

"सकाळी म्हणाले होते. आत्ता शुद्धीवर आहेत की नाही, ते मधुकरभाऊंनी सांगितलं नाही."

"मग आपण कोण मधे पडणार? बापाची इच्छा आहे. गाणं होऊ दे, मग सांगू. दिगंबर रात्रीच गाडी काढेल," ते म्हणाले. दिगंबर म्हणजे माझा नवरा.

"आत्ता निघाल्या तर रात्री उशिरा का होईना, पोचतील. गाणं करून निघाल्या तर सकाळ होईल."

"सूनबाई," त्यांनी आवाज खाली आणला. "शेगावहून, नांदुऱ्यातून लोक निघालेत. पण त्यांचं सोड. तुझ्या सासूनं शेवटी शेवटी काय मागितलं होतं ठाऊक आहे तुला? सुलभाचा भूप. तेव्हा जमलं नाही. आज ते व्हायचंय. दोन तासांचा तर प्रश्न आहे. नंतर सांगितलं तर काय बिघडतं?"

"बिघडतं, मामाजी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात येऊन मला पंधरा वर्षं होत आली होती आणि त्यांना मी असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"सांगायचं नाही," ते म्हणाले आणि पुन्हा सतरंज्यांकडे वळले.

घरी आले तर ओसरीत हनीफभाई पेटी उघडून बसले होते. सुलभाताईंच्या मागे वीस वर्षं बसणारा हा माणूस. देवासकडचे होते, मराठी चांगलं बोलत, मधूनच हिंदी येई. पेटीचा एक सूर अडकत होता, तो ते पिसानं साफ करत होते. माझ्याकडे पाहून त्यांचा हात थांबला.

"भाभी, काही झालं का?"

"नाही. चहा ठेवते."

"इंदूरचा फोन होता ना?"

मी स्वयंपाकघराकडे वळले. त्यांनी पीस खाली ठेवलं.

"मला सांगू नका," ते म्हणाले. "अण्णांचं काही असलं तर मला मुळीच सांगू नका. मी ताईंच्या मागे बसतो. त्यांचा श्वास कुठं तुटणार ते मला आधी कळतं, तसं माझं त्यांना कळतं. मला ठाऊक असलं तर मी पहिला सूर धरल्याबरोबर त्यांना कळेल."

मी चहा केला. ताटलीत खारी बिस्किटं ठेवली, पेला धुऊन कोमट पाणी भरलं. जिना चढताना मधल्या वळणावर थांबले आणि बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. मग वर गेले.

सुलभाताई उठून बसल्या होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, ठेंगण्या, कपाळावर बारीक कुंकू. खिडकीतल्या उजेडात त्या साडीच्या निऱ्या करत होत्या.

"फार छान झोप लागली हो," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे दुपारची झोप मिळत नाही. लोक येऊन बसतात समोर. वहिनी, तुमच्या सासूबाई, असताना व्हायचं तस्संच केलंय तुम्ही सगळं." मग निऱ्या खोचत म्हणाल्या, "भूप गाणार आहे आज. आणखी काही म्हणतील लोक, पण आधी भूप. आणि फोन वाजला ना मघाशी? झोपेत ऐकला मी. आमच्याकडचा नव्हता ना?"

त्यांनी अगदी सहज विचारलं होतं. 'नव्हता' म्हटलं असतं तर त्या पुढच्या वाक्याला लागल्या असत्या.

"तुमच्याकडचाच होता," मी म्हणाले. "बसा ताई."

त्या बसल्या नाहीत. निऱ्या हातात तशाच धरून ऐकत राहिल्या. मी न्हाणीघर सांगितलं, दवाखाना सांगितला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. कार्यक्रमानंतर सांगा असं मधुकरभाऊ म्हणाले होते, तेही सांगितलं.

"अण्णा म्हणाले असं? स्वतः?"

"सकाळी म्हणाले म्हणे."

"म्हणजे सकाळी बोलत होते." त्यांनी निऱ्या खोचल्या. "आता बोलतात का?"

"ते मला ठाऊक नाही. फोन लावून देऊ?"

त्या माझ्या आधी जिना उतरल्या. त्यांच्या घरचा फोन शेजारणीनं उचलला. तिनं दवाखान्याचा नंबर दिला, तो लागेपर्यंत बराच वेळ गेला. मधुकर फोनवर आले तेव्हा सुलभाताईंनी एवढंच विचारलं, "ओळखतात का?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्या "बरं, बरं" करत राहिल्या आणि रिसीव्हर ठेवून भिंतीला टेकल्या.

"मी असं करते," काही वेळानं त्या म्हणाल्या. "तासभर गाते आणि निघते. वहिनींचं आहे हो हे. इतकी माणसं येणार. बापूसाहेबांनी केवढ्या आशेनं बोलावलंय. तासाभरानं काय होतंय?"

मला कळत होतं, त्या हे मला सांगत नव्हत्या, विचारत होत्या. कुणीतरी त्यांना 'जा' म्हणायला हवं होतं आणि ते म्हणायचा अधिकार त्या घरात माझा नव्हता.

"आमचं आम्ही बघू, ताई," मी म्हणाले. "तुम्ही निघा."

तेवढ्यात मामाजी आत आले. कार्यक्रमासाठी इस्त्रीचा कोट घालायला ते घरी आले होते. फोनजवळ उभ्या सुलभाताई, मी, ओसरीच्या दारात हनीफभाई. काही विचारायची गरज नव्हती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"ताई," ते सुलभाताईंना म्हणाले, "दिगंबर गाडी घेऊन येतोय. टाकी भरलेली आहे. बऱ्हाणपूरवरून गेलात तर रस्ता बरा आहे." आवाजात राग नव्हता. पाहुण्यापुढे राग दाखवणारा तो माणूसच नव्हता.

"बापूसाहेब, वहिनींचं गाणं—"

"होईल कधीतरी," ते म्हणाले.

दिगंबरनं अंबॅसडर दाराशी लावली. मी दशम्या आणि पाण्याची बाटली आत ठेवली. हनीफभाई पेटी आवरायला लागले तेव्हा सुलभाताई गाडीतूनच म्हणाल्या, "तुम्ही थांबा."

"मी थांबून काय करू, ताई?"

"भूप तुमच्या हातात आहे. तबल्याला आपला केदार आहे. बसा दोघं."

"मी एकटा कधी बसलोय?"

"आज बसा," त्या म्हणाल्या, आणि गाडी निघाली.

अंगणात मी आणि मामाजी दोघंच उरलो तेव्हा ते कोटाची बटणं लावत म्हणाले, "तिला तू सांगितलंस. आता लोकांनाही तूच सांग."

मला वाटलं ते रागानं बोलताहेत, घटकाभरानं निवळतील. पण दिवेलागणीला शेड भरली, बायकांची बाजू भरली, मागे उभं राहायला जागा उरली नाही, तरी मामाजी पुढच्या रांगेतून उठले नाहीत. तसबिरीला हार घालून झाला होता. मंच रिकामा होता. लोक माना वळवून दाराकडे बघायला लागले.

त्याआधी मी कधी माइकसमोर उभी राहिले नव्हते. शाळेतही नाही. पायऱ्या चढताना पदर पायात आला. माइक मामाजींच्या उंचीला लावलेला होता, तो मला खाली घेता येईना, तशीच टाचा उंचावून बोलले.

"सुलभाताई आज गाणार नाहीत," मी म्हणाले. "त्यांचे वडील फार आजारी आहेत असा दुपारी फोन आला. घरच्यांनी सांगितलं होतं की गाणं झाल्यावर कळवा. मी आधीच कळवलं. म्हणून त्या गेल्या. त्यांची यात काही चूक नाही. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

मागे मांडलेल्या खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. काही लोक उठले. कुणीतरी पुरेसं ऐकू येईल असं म्हणालं, "शेगावहून आलो होतो राव." बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत एक म्हातारी बसली होती, कोण होती ते मला आजवर कळलेलं नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "बरं केलं बाई. जाऊ दिलं ना तिले, बरं केलं."

"हनीफभाई पेटी वाजवतील," मी म्हणाले. "ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबावं."

बरेच गेले. तरी अर्धी शेड राहिली. हनीफभाई मंचावर आले ते नेहमीसारखे बाजूलाच बसले. मधली जागा, जिथं सुलभाताई बसत, ती त्यांनी रिकामी ठेवली. केदारनं त्यांना खूण केली, मधे या म्हणून, पण ते हलले नाहीत. तिथूनच त्यांनी भूप सुरू केला. सुरुवातीला दोनदा अडखळले. वीस वर्षं दुसऱ्याच्या मागून जायची सवय, त्यामुळे एक ओळ वाजवून ते थांबत, जणू पुढचं तिकडून येणार आहे. ते येत नसे. मग तेच पुढे जात. हळूहळू ते थांबणं कमी झालं. सुलभाताई जिथं वरच्या षड्जावर ठेपत तिथं हनीफभाई ठेपले, तेव्हा मी मामाजींकडे पाहिलं. ते ताठ बसले होते, डोळे मिटलेले.

शेवटी सुलभाताईंसाठी आणलेली शाल मामाजींनी हनीफभाईंच्या खांद्यावर घातली.

"ही ताईंची आहे," हनीफभाई म्हणाले.

"त्यांची पुढच्या वर्षी," मामाजी म्हणाले. माझ्याशी मात्र ते त्या रात्री बोलले नाहीत.

सकाळी दिगंबरचा फोन आला. अण्णा बरे होते. रात्रीच डोळे उघडले होते, सकाळी चहा मागितला. लेक समोर दिसल्यावर पहिलं काय म्हणाले तर, "खामगावचं गाणं टाकून आलीस? कुणी सांगितलं तुला?"

दिगंबर हसत हसत सांगत होता. त्याला वाटलं आम्हाला आनंद होईल, आणि मला झालाही. मामाजी शेजारीच उभे होते. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं झालं." मग अंगणात जाता जाता म्हणाले, "म्हणजे गाता आलं असतं."

ते वाक्य वर्षभर त्या घरात राहिलं. पुन्हा ते कुणी उच्चारलं नाही, पण सासूबाईंच्या तसबिरीखाली मामाजी संध्याकाळचे बसत तेव्हा मला ते ऐकू येई. मी चुकले असं मला वाटत नव्हतं. पण बरोबर होते, हे कशावरून दाखवणार?

अण्णा फाल्गुनात गेले. हनीफभाईंनी फोनवर कळवलं. कसे गेले, कुठे, ते काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या बैठकीला सुलभाताई येतील असं मला वाटलं नव्हतं. मामाजींनी फोन केला आणि त्या लगेच 'येते' म्हणाल्या. आदल्या दिवशीच आल्या. दुपारी चहाला आम्ही तिघं ओसरीत बसलो होतो. मामाजी आरामखुर्चीत, सुलभाताई आणि मी सतरंजीवर. त्या वाळल्या होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग त्या आपण होऊन म्हणाल्या, "अण्णा गेले तेव्हा मी गात होते."

"एका मोठ्या गावात होते. नाव नाही सांगत, माणसं वाईट नव्हती. व्यवस्था फार चांगली. खोली चांगली, माइक चांगला, श्रोते चांगले. दुपारी तिथं फोन गेला मधुकरचा. तेच सांगितलं त्यानं, गाणं झाल्यावर सांगा. त्यांनी ऐकलं. मी गायले, लोक उठेनात, मी आणखी गायले. मग हार घातला, फोटो काढला. मग अध्यक्षांच्या बाईंनी मला आत नेलं आणि हात धरून सांगितलं." त्यांनी कप खाली ठेवला. "दुपारी फोन गेला तेव्हा अण्णा होते. मी हार घालून घेत होते तेव्हा नव्हते. पोचले तर सगळं उरकलं होतं."

चहावर साय धरत होती. ती बोटानं बाजूला करत त्या म्हणाल्या, "तो फोटो त्यांनी मला चौकट करून पाठवला हो. प्रेमानं पाठवला. त्यात मी हसतेय."

"माझ्याकडेही असा एक फोटो आहे," मी म्हणाले.

हे मी बोलणार आहे हे मला आधी ठाऊक नव्हतं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मामाजींचा आरामखुर्चीवरचा हात थांबला.

"गेल्या वर्षी तुम्ही विचारलं नाहीत, मी का सांगितलं ते," मी म्हणाले. "माझ्या धाकट्या मुलीच्या वेळी मी इथंच होते, बाळंतपणाला. दिवस भरत आले होते तेव्हा हिंगोलीला माझे वडील गेले. मला कुणी सांगितलं नाही. बाळंतिणीला धक्का बसेल म्हणून. बारशाला आई आली नाही, तिचे पाय सुजलेत असं सांगितलं. मी नवी साडी नेसले, पाळणे म्हटले, बायकांनी घुगऱ्या वाटल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या बारशाचा फोटो आहे. मी मुलीच्या कानात बाबांविषयी काहीतरी सांगतेय, हसत."

सुलभाताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी त्यांच्याकडे बघून बोलत होते, पण मला ठाऊक होतं कोण ऐकतंय. मला न सांगायचं ठरवणाऱ्यांत मामाजी होते. सासूबाईही होत्या. मी हे त्या घरात इतक्या वर्षांत कधी काढलं नव्हतं. काढून काय उपयोग होता? सगळ्यांनी मायेनंच केलं होतं.

बाहेर शेडकडून फरशी घासल्याचा आवाज येत होता.

"तुझी सासू रडत होती," मामाजी म्हणाले. "बारशाच्या दिवशी. स्वयंपाकघरात, दार लावून."

"मला ठाऊक नव्हतं, मामाजी."

"तुला कळू नये म्हणूनच तर दार लावलं होतं." ते उठले, काठी शोधली. दारापर्यंत जाऊन वळले, पण माझ्याकडे नाही, सुलभाताईंकडे. "ताई, एक विचारतो. उद्या इथं असताना घरून असा फोन आला, तर लगेच सांगायचा की नंतर?"

सुलभाताईंनी मान हलवली. "सूनबाईंना ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"सूनबाईला ठाऊक आहे," मामाजी म्हणाले. "आता मी विचारतोय."

"लगेच," त्या म्हणाल्या.

"बरं," असं म्हणून ते शेडकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सुलभाताईंनी भूप गायला. मी तो सगळा ऐकू शकले नाही, कारण पाहुण्यांच्या जेवणाचं बघायचं होतं, पण जेवढा ऐकला तेवढा पुरेसा होता.

तेव्हापासून आमच्याकडे जो कलाकार येई त्याला मामाजी हे विचारत. खोली दाखवून झाली, चहा झाला, की स्वतः वर जात, बसत आणि विचारत, "घरून फोन आला तर लगेच सांगू की कार्यक्रमानंतर?" काही जण 'नंतर' म्हणत, आणि मग आम्ही ते तसं पाळत असू. काहींना प्रश्न अभद्र वाटे. एक सरोदिये तर म्हणाले होते, कार्यक्रमाच्या दिवशी असं काही तोंडातून काढू नये. मामाजी त्यांना हात जोडत, पण उत्तर घेतल्याशिवाय खाली येत नसत.

एकदा नाशिककडचा एक तरुण सतारवादक आला होता. मी पाणी घेऊन वर गेले तेव्हा मामाजींनी नुकतंच त्याला विचारलं होतं. तो गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असं मला कधी कुणी विचारलं नाही." "आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलंय आज," तो म्हणाला. "मी निघून आलो. फोन कुठंय तुमचा?"

तोवर वरच्या खोलीतही एक फोन घेतला होता. मी तो उचलून त्याच्या जवळ ठेवला. मामाजी काठी टेकत उठले, मला बाहेर चल अशी खूण केली आणि आमच्या मागे दार ओढून घेतलं.